क्वार्टरबॅकला बसवायचं का? आधी तीन रविवार वही घेऊन बसा

न्यू जर्सीत सप्टेंबर संपत आला की सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी एकच वाक्य ऐकू येतं. "बसवा आता त्याला." त्याला म्हणजे न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकला, पास टाकणाऱ्या मुख्य गड्याला; बसवा म्हणजे मैदानातून काढून बाकावर. नाव दर काही वर्षांनी बदलतं, वाक्य तेच.

मीही म्हणायचे. १९९८ साली कोल्हापूरहून एडिसनला आले तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने मारायचा चेंडू एवढंच मला ठाऊक होतं, आणि इथल्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय लागतो तो अधूनमधूनच. शेजारच्या इटालियन आजोबांनी खेळ शिकवला. जायंट्स यांकी स्टेडियमवर खेळायचे तेव्हापासूनचे ते प्रेक्षक. डिसेंबर २००४ मध्ये त्यांच्याच सोफ्यावर बसून मी पहिल्यांदा ओरडले. जायंट्सचा नवखा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग बाल्टिमोरमध्ये खेळत होता. १८ पासांपैकी ४ पूर्ण, २७ यार्ड, दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), आणि पासर रेटिंग, म्हणजे पास टाकण्याचे गुण, शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य. मी म्हटलं, "काढा याला, वॉर्नरला आणा." कर्ट वॉर्नर हा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेला गडी, आणि संघ ५-४ (पाच विजय, चार पराभव) असताना त्यालाच बसवून ईलायला उतरवलं होतं. आजोबा एवढंच म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षाचा विचार मी केलाच नव्हता. ईलाय पहिले सहाही सामने हरला, मोसमातला शेवटचा डॅलसविरुद्ध जिंकला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याने सुपर बोल आणला, २०१२ मध्ये पुन्हा आणला. कोच टॉम कॉफलिन यांनी बाल्टिमोरनंतरच्या आठवड्यात माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

मी पोटापाण्यासाठी हिशेब लिहिते, त्यामुळे जमाखर्चाशिवाय मत द्यायची लाज वाटते. त्या मोसमानंतर मी वही घातली. संघ हरायला लागला आणि कोणी "बसवा" म्हणालं की ती काढायची. कशी ठेवायची ते सांगते.

वही

दोनशे पानी साधी वही चालते. एका सामन्याला साधारण चार पानं लागतात. आपला क्वार्टरबॅक पास टाकायला मागे सरकला की एक ओळ. चार रकाने आखा.

पहिला रकाना वेळेचा. चेंडू त्याच्या हातात आला की मोजायला लागा. इथली पोरं "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी" मोजतात, मी "एक गणपती, दोन गणपती" मोजते. साधारण अडीच गणपतींच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा. दुसरा गणपती पुरा व्हायच्या आत अंगावर माणूस आला तर तो दोष समोरच्या पाच जणांचा, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचा. चार गणपती होऊन गेले आणि हा अजून चेंडू कुरवाळत उभा असेल तर मग सॅक, म्हणजे चेंडूसकट पाडलं जाणं, याने स्वतः ओढवून घेतला. हा फरक स्कोअरबोर्डवर कुठेच दिसत नाही. दोन्ही सॅक सारखेच मोजले जातात.

दुसरा रकाना मोकळ्या माणसाचा. थेट प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे लांबचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, मोकळा होता का ते लगेच कळत नाही. रीप्ले येईपर्यंत ही जागा कोरी सोडा. रीप्ले आलाच नाही तर कोरीच राहू द्या, अंदाजाने भरू नका. कोरी जागा खोट्या आकड्यापेक्षा बरी, हे हिशेबातलं तत्त्व इथेही चालतं.

तिसरा रकाना चेंडू कुठे गेला याचा. रिसीव्हरच्या छातीवर, मागे, पायाशी, की सरळ शत्रूच्या हातात. इंटरसेप्शनला नुसती फुली मारू नका. आपल्याच माणसाच्या हातावर आपटून उडालेला चेंडू आणि तिघांच्या घोळक्यात हट्टाने टाकलेला चेंडू यांची पाटी वेगळी.

चौथा रकाना दोषाचा, एका अक्षरात. क्व (क्वार्टरबॅक), ला (लाइन), रि (रिसीव्हर), को. शेवटचं "को" म्हणजे कोच. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, अकरा यार्ड हवे असताना चार यार्डांचा पास आखून देणारा माणूस मैदानाबाहेर उभा असतो, पण शिव्या मैदानातला खातो.

एका सामन्यावर काही ठरवू नका. तीन सामन्यांत नव्वद-शंभर ओळी जमतात, तेवढ्या पुरेत. टीव्हीवर दाखवतात त्या पासर रेटिंगला मी फार मान देत नाही. त्याची कमाल १५८.३ असते, का ते विचारू नका, सूत्रच तसं आहे. त्यात सॅक धरलेलेच नसतात. चेंडू पकडून उभा राहून दर सामन्यात पाच वेळा आडवा होणारा गडी त्या आकड्यात सभ्य दिसू शकतो.

ओळींची बेरीज केल्यावर "ला" सगळ्यात जास्त आलं तर वही मिटा आणि गप्प बसा. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा कोरा करकरीत संघ होता आणि क्वार्टरबॅक डेव्हिड कार ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिली निवड. त्याला त्या एका मोसमात ७६ वेळा सॅक झाला, एनएफएल या लीगमधला विक्रमच तो. तिथे कोणालाही उभं केलं असतं तरी जमिनीचीच माती खाल्ली असती. बॅकअप, म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, आणून लाइन सुधारत नाही, फक्त दुसऱ्याची बरगडी धोक्यात येते.

पण "क्व" जास्त आलं, आणि त्यातही तीच चूक तिन्ही सामन्यांत पुन्हा पुन्हा दिसली, तर पुढे चला. पुन्हा पुन्हा हा शब्द महत्त्वाचा. नवखा पोरगा दर आठवड्याला नवी चूक करत असेल तर तो शिकतोय. ईलायच्या थोरल्या भावाने, पेटन मॅनिंगने, १९९८ मध्ये पहिल्याच मोसमात २८ इंटरसेप्शन टाकली. नवख्याचा तो विक्रमच झाला. संघ ३-१३. दुसऱ्या वर्षी तोच संघ, तोच गडी, १३-३.

मागे कोण बसलाय?

आजोबांनी नंतर शिकवलेला दुसरा प्रश्न हा. बसवा म्हणताना आपण एक जागा रिकामी करतो, आणि ती कोणी तरी भरावी लागते. क्रिकेटमध्ये सलामीवीर बदलला तरी बाकीचे दहा जण आपली बॅटिंग करतात. इथे प्रत्येक प्ले, म्हणजे प्रत्येक चाल, त्या एका माणसाच्या आवाजावर सुरू होतो. किती जोरात, किती लवकर, कोणत्या लयीत, हे बाकीच्या दहा जणांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आठवड्याच्या सरावात पहिल्या फळीबरोबरचे जवळपास सगळे प्ले स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा क्वार्टरबॅक, खेळतो. बॅकअप बाजूला उभा राहून बघतो किंवा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्या बचावफळीला सराव देतो. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही भरवसा टाकताय त्याने आपल्याच रिसीव्हरांना महिनाभर धड चेंडू टाकलेला नसतो.

हे विसरलं तर काय होतं? २०१७ चा बफेलो बिल्स संघ आठवा. ५-३ होते, प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) शर्यतीत होते. मग न्यू ऑर्लिन्सने त्यांना ४७-१० असं धुतलं. त्यांचा क्वार्टरबॅक टायरॉड टेलर वाईटच खेळला, ५६ यार्ड. खरं आहे. पण त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सने २९८ यार्ड नुसते धावून काढले होते. माझ्या वहीला बचावफळीचा रकानाच नाही, पण त्या दिवशी पान वाढवायला लागलं असतं. कोचने टेलरला बसवलं आणि ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतल्या नवख्या नेथन पीटरमनला चार्जर्सपुढे उभं केलं. पहिल्या अर्ध्यात पाच इंटरसेप्शन. पाच! पहिलं तर आपल्याच फुलबॅकच्या हातावरून उडालेलं, म्हणजे माझ्या हिशेबात "रि"च्या खात्यावर. पण बाकीच्या चारांना सबब नाही. मध्यंतरानंतर टेलर परत आला, सामना ५४-२४ असा गेला. पुढे टेलरच राहिला आणि त्याच संघाने १९९९ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठलं. तो एक रविवार महागात पडला असता तर बफेलोत कोचला राहता आलं नसतं.

उलट उदाहरण टेनेसीचं. २०१९, संघ २-३, डेन्व्हरमध्ये १६-० असा सामना हातातून जात असताना मार्कस मारियोटाला बाहेर काढलं. मारियोटा २०१५ च्या ड्राफ्टमधली दुसरी निवड, लाडका. पण मागे रायन टॅनेहिल बसला होता. मायामीत वर्षानुवर्षं स्टार्टर राहिलेला, मार खाल्लेला, पोक्त. त्याने दहापैकी सात सामने जिंकले, प्लेऑफमध्ये न्यू इंग्लंड आणि बाल्टिमोर दोघांनाही त्यांच्या घरी हरवलं, आणि संघ सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे कॅन्सस सिटीत थांबला. डेरिक हेन्री चेंडू घेऊन धावत होता म्हणून सोपं गेलं, हेही लिहून ठेवा.

या दोन गोष्टींतून मी एक ढोबळ नियम काढलाय. बॅकअपने लीगमध्ये आधी नियमित सामने खेळले असतील आणि संघात अजून जीव असेल तर बदला. बॅकअप पोरगा असेल आणि संघात जीव असेल तर थांबा. संघाचा मोसम संपल्यात जमा असेल तर मात्र पोरालाच उतरवा, कारण मग प्रश्न जिंकण्याचा राहत नाही, त्याला ओळखण्याचा असतो. पुढच्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक घ्यायचा की लाइनमन, हे ठरवायला तेवढे सामने लागतात.

पैशाचा रकाना

हा मी मागाहून जोडला, आणि सच्च्या चाहत्यांना तो आवडत नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, तू मॅच बघतेस की ऑडिट करतेस?" दोन्ही.

मार्च २०२३ मध्ये जायंट्सने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला. त्यात २०२५ सालासाठी सुमारे २ कोटी ३० लाखांची दुखापतीची हमी होती. म्हणजे तो २०२४ मध्ये मोठा जायबंदी झाला आणि वेळेत बरा झाला नाही, तर खेळो न खेळो, ते पैसे द्यावेच लागणार. १० नोव्हेंबर २०२४ ला म्युनिकमध्ये कॅरोलिनाशी सामना होता, इथे न्यू जर्सीत सकाळी साडेनऊला. पोह्यांची ताटली मांडीवर आणि वही सोफ्याच्या हातावर. २०-१७ असे ओव्हरटाइममध्ये हरलो. जोन्सची दोन इंटरसेप्शन माझ्याकडे "क्व"मध्येच आहेत, पण ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेला चेंडू सोडला तो रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याने. संघ २-८. मग एक आठवडा सुट्टी, आणि १८ नोव्हेंबरला जोन्सला बसवल्याची घोषणा. मैदानावरच्या कारणाइतकंच ते २ कोटी ३० लाख बोलत होते. चारच दिवसांत त्याने सुटका मागितली आणि ती मिळाली.

म्हणून कोणी सुस्थितीतला, महागडा क्वार्टरबॅक मोसमाच्या शेवटी अचानक बसवला की आधी करार बघा. २०२२ मध्ये रेडर्सनी डेरेक कारला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरने रसेल विल्सनला बसवलं, तेव्हाही दुखापतीच्या हमीचीच चर्चा होती. अशा वेळी "तो वाईट खेळतो का?" या प्रश्नावर वाद घालण्यात दम घालवू नका.

त्याच म्युनिकच्या सामन्यात समोर कोण होतं बघा. ब्राइस यंग. २०२३ ची पहिली निवड, पहिल्या मोसमात संघ २-१५, दुसऱ्यात ०-२ झाल्यावर बसवलेला. त्याच्या जागी आलेल्या अँडी डाल्टनच्या अंगठ्याला मोटारीच्या अपघातात दुखापत झाली म्हणून यंग परत आला, आणि परत आलेला यंग वेगळाच होता. पाय शांत, चेंडू वेळेवर. बाहेर बसणं कधीकधी औषध असतं, पण ते औषध घ्यायला गडी तरुण हवा आणि परत येण्याची वाट उघडी हवी. जोन्सला ती नव्हती. तो २०२५ मध्ये इंडियानापोलिसला गेला आणि पहिल्या आठपैकी सात सामने जिंकला. आमच्या घरात त्या महिन्यात त्याचं नाव काढायला बंदी होती.

कोण ठरवतंय आणि कसं सांगतंय

२०१७ चा नोव्हेंबर मी विसरू शकत नाही. जायंट्स २-९. ऑक्टोबरमध्ये एकाच सामन्यात ओडेल बेकहॅमसकट रिसीव्हरांची फळीच जायबंदी झाली होती, लाइन गळकी होती. ईलायचा हात पूर्वीचा नव्हता हे मला वहीत दिसत होतं, खोटं कशाला बोलू. बसवण्याची वेळ कधीतरी येणारच होती. पण कोच बेन मॅकॲडू यांनी त्याला सुचवलं की तू सुरुवात कर, सलग सामन्यांची मालिका चालू राहील, मध्यंतरानंतर दुसऱ्याला आणू. सलग २१० सामने सुरू केलेल्या माणसाला हे असं भीक घातल्यासारखं. त्याने नको म्हटलं. ओकलंडमध्ये जीनो स्मिथ उतरला, २४-१७ असे हरलो, दुसऱ्या दिवशी कोच आणि जनरल मॅनेजर दोघांचीही नोकरी गेली, आणि पुढच्या सामन्यात ईलाय परत. आजोबा तेव्हा फोनवर काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो सामना बघितलाच नव्हता.

जीनो स्मिथ तेव्हा २७ वर्षांचा, आधीच जेट्स संघात आजमावून झालेला. त्याला खेळवून जायंट्सना पुढच्या वर्षाचं काय कळणार होतं? संघात तिसरा, डेव्हिस वेब नावाचा नवखा होता. ओळखायचंच होतं तर त्याला उतरवायला हवं होतं. माझा राग बसवण्यावर नव्हता, कशासाठी बसवलं याला उत्तर नव्हतं म्हणून होता.

म्हणून निर्णय चांगला की वाईट हे बघताना कोचची खुर्ची किती हलतेय तेही बघा. खुर्ची जायला आली की कोच क्वार्टरबॅक बदलतो. एक-दोन महिने पदरात पडतात. २०२५ मध्ये ०-३ झाल्यावर जायंट्सनी रसेल विल्सनला बसवलं आणि जॅक्सन डार्टला आणलं. विल्सनने दोनच आठवड्यांपूर्वी डॅलसमध्ये ४५० यार्ड टाकले होते. तरी तो निर्णय मला पटला, कारण विल्सन छत्तिशीचा आणि डार्ट पहिल्या फेरीतला, पंचविसावी निवड. पुढच्या वर्षीचा प्रश्न विचारला तर उत्तर डार्टच होतं. त्याने पहिल्याच सामन्यात तोवर अजिंक्य चार्जर्सना २१-१८ असं हरवलं. कोच ब्रायन डेबॉल यांची नोकरी मात्र नोव्हेंबरात गेलीच.

वेळेचंही सांगते. बदल करायचाच असेल तर सुट्टीच्या आठवड्याआधी करा, नव्या गड्याला दोन आठवड्यांचा पूर्ण सराव मिळतो. गुरुवारी सामना असेल त्या आठवड्यात तर चुकूनही नको. मध्यंतराला बदलणं हे दुखापत सोडून मला आवडत नाही. याला एक सणसणीत अपवाद आहे, तो कॉलेजातला. जानेवारी २०१८ मध्ये अलाबामा १३-० ने मागे असताना मध्यंतरानंतर जेलन हर्ट्सच्या जागी टुआ टॅगोवायलोआ आला आणि २६-२३ अशी राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. बसवलेल्या हर्ट्सने पुढे फिलाडेल्फियासाठी सुपर बोल जिंकला. फिलाडेल्फिया! जायंट्सच्या घरात या वैऱ्यांबद्दल याहून जास्त लिहिता येत नाही.

आणि एकदा बदललं की आठवड्याने परत फिरवायचं नाही. दोघांनाही मग प्रत्येक पासाआधी बाजूला उभा असलेला दुसरा दिसतो, आणि दुसरा गणपती म्हणायच्या आत हात आखडतो.

नव्या गड्यासाठी वहीत नवं पान काढा, वर त्याचं नाव, बाजूला तारीख. जुन्याची बेरीज त्याच्या पानावर ओढू नका. तीन रविवार त्यालाही द्या. पहिल्या रविवारचं पान पेन्सिलीने लिहा.